एक्क्याण्णवचा ठिपका

प्रिय तिरकस,

पहिली गोष्ट. हे पत्र तू स्वतः वाचायचं. सूनबाईच्या हातात देऊन "चष्मा कुठं ठेवला कोण जाणे, जरा वाचून दाखव गं" असं म्हणायचं नाही. एकमेकींची पत्रं तिसऱ्या माणसानं वाचायची नाहीत, हा आपला वसतिगृहातला नियम होता, आणि तो रद्द केल्याचं मला आठवत नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, पेन जाड घेतलं आहे, दोन ओळींमध्ये बोटभर जागा सोडली आहे. खिडकीपाशी बस, दिवसाउजेडी बस, आणि चहाचा कप जरा लांब ठेव.

दुसरी गोष्ट. घरात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणार. फोनवर तू मला बोलू देतेस का? मी एक वाक्य बोलायला जाते, तू त्यावर एक गंमत सांगतेस, दोघी हसतो आणि फोन ठेवतो. कागद मध्येच बोलत नाही. मला एका गोष्टीचा निकाल लावायचा आहे आणि तो लवकर लावायचा आहे, कारण उशिरापायी जे जाईल ते परत मिळणार नाही. पण ती गोष्ट शेवटी. मधली पानं गाळून शेवटच्या पानावर उडी मारायची तुझी खोड मला माहीत आहे. या वेळी मारलीस तर उत्तर कळेल पण रीत कळणार नाही, आणि रीत पटली नाही तर तू उत्तरही मानणार नाहीस. तुला मी आजची ओळखत नाही.

तर, काल तुझा पडदा धुतला. पांढऱ्यावर निळ्या ठिपक्यांचा, तुझ्या गिरणीतला. इतक्या वर्षांत त्याची किनार दोनदा बदलली, पण ठिपका एक विटलेला नाही. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ही नक्षी कसली. कुणाला त्यात चांदण्या दिसतात, कुणाला सांडलेली शाई. मी सांगते, मूळ संख्या आहेत. मग समोरचा माणूस घड्याळाकडे बघतो आणि निघतो. नको असलेला पाहुणा घालवायला याच्यासारखा उपाय नाही. पडदा वाळत घातला, त्यातून ऊन जमिनीवर आलं, आणि माझ्या पायाशी आपली खोली उभी राहिली. दोन खाटा, मधे एक टेबल, टेबलाचा एक पाय आखूड म्हणून त्याखाली तुझी चप्पल.

सर आठवतात ना? कोटाच्या बाहीला कायम खडूची भुकटी, आणि प्रश्न विचारून झाला की उत्तराची वाट न बघता वर्गाबाहेर. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा असं लिहीत नेलं. ज्यांना एक आणि स्वतः यांच्याशिवाय कशानंही भाग जात नाही, त्या या संख्या. कधी दोन अगदी जवळजवळ येतात, कधी बराच वेळ एकही येत नाही. सर म्हणाले, "यांच्या येण्यात काही रीत आहे, की या आपल्या पडतील तशा पडल्यात? बघायचं असेल तर कागदावर मांडा. डोक्याला उशिरा कळणारी गोष्ट कधी कधी डोळ्याला आधी दिसते." आणि गेले. वर्गानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. आपण दोघी चौकटीच्या कागदांचा गठ्ठा घेऊन आलो.

मांडणी तू सुचवलीस. मधोमध एक, त्याच्या उजवीकडे दोन, दोनच्या डोक्यावर तीन, मग डावीकडे चार आणि पाच, आणि असं गोगलगायीच्या शंखासारखं गोल गोल बाहेर. शंभर घरं आडवी, शंभर उभी, दहा हजारापर्यंत. मी भागाकार करायचे आणि संख्या सांगायचे, तू निळ्या शाईचा ठिपका द्यायचीस. मी प्रत्येक ओळीखाली पट्टी धरते म्हणून माझं नाव तू पट्टी ठेवलंस. पुढं शिक्षिका झाल्यावर चार पिढ्यांच्या मुलांनी मला नाना नावं ठेवली असतील, पण एकही त्याच्या जवळ जाणारं नव्हतं. तुझं नाव मी ठेवलं. मान वाकडी करून बघायचीस म्हणून, आणि बोलायचीसही तशीच म्हणून.

एक्क्याण्णवचं तर तू विसरणं शक्यच नाही. मी शिसपेन्सिलीला टोक करत होते, तेवढ्यात तू माझी वाट न बघता ठिपका देऊन मोकळी झालीस. मी विचारलं, हा कुणी सांगितला? तू म्हणालीस, "सांगायला कशाला हवं? तोंडावरूनच मूळ वाटतो." मी म्हटलं, तेरा सत्ते एक्क्याण्णव. तू म्हणालीस, "तेराच्या पाढ्याच्या दिवशी मी आजारी होते." मग ब्लेड घेऊन तो ठिपका खरवडत बसलीस, इतका की कागदाला भोक पडायचं तेवढं राहिलं. त्या दिवसापासून आपल्यात एक शब्द रुजला. दिसायला एक आणि निघायला दुसरंच, असं काहीही भेटलं की तो एक्क्याण्णव. खानावळीतला लुसलुशीत दिसणारा पाव एक्क्याण्णव. ग्रंथालयातला तो चष्मेवाला, जो कवी असेल असं तुला वाटलं होतं आणि जो विम्याचा एजंट निघाला, तोही एक्क्याण्णव.

आणि मग त्या रेघा. कागद निम्म्याहून जास्त भरला होता. तू टाक धुवायला म्हणून उठलीस, दारापर्यंत गेलीस, सहज मागं वळलीस, डोळे बारीक केलेस आणि ओरडलीस, "पट्टे, अगं रेघा आहेत!" मी कागदावर नाक टेकवून बसलेली, मला नुसते ठिपके दिसत होते. दाराशी आले तरी दिसेनात. शेवटी तू माझं डोकं दोन्ही हातांत धरून कलिंगडासारखं तिरकं केलंस. तेव्हा दिसल्या. तिरप्या, तुटक, उसवलेल्या शिवणीसारख्या. मधले टाके गळलेले, पण शिवण कुठून कुठं गेली होती ते स्पष्ट. सात, तेवीस, सत्तेचाळीस, एकोणऐंशी, एकाखाली एक उजवीकडे उतरत गेलेले. पुढं एकशे एकोणिसानं दगा दिला, पण त्याच्यापुढं पुन्हा तीच रेघ सुरू. आयुष्यात मला पहिल्यांदा कुणाचा तरी हेवा वाटला तो त्या दिवशी. भागाकार सगळे माझे, आणि दिसलं तुला.

आपण नाचत सरांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "छान. आता हे खोटं पाडा." तुझा चेहरा असा उतरला की मला हसू आवरेना. सर म्हणाले, ढगातही माणसाला घोडे दिसतात. दुसरा कागद घ्या, तेवढेच ठिपके निव्वळ नशिबानं टाका, आणि त्यातही रेघा दिसतात का बघा. दिसल्या तर त्या रेघा कागदावर नाहीत, तुमच्या डोळ्यांत आहेत. मग आपण नाणी काढली. दोन सोडला तर समसंख्या मूळ असूच शकत नाही, म्हणून समसंख्यांची घरं वगळली. राहिलेल्या पाच हजार विषम घरांपैकी साधारण चौथ्या हिश्शात ठिपके येत होते, म्हणून दर घराला दोन नाणी उडवायची आणि दोन्ही छापा पडले तरच ठिपका. एक छापा, एक काटा, घर रिकामं. दोन काटे, घर रिकामं. तू उडवायचीस, मी टिपायचे. खाटेखाली गेलेली नाणी शोधताना तुझे गुडघे आणि माझी कंबर कामातून गेली.

रेक्टरबाईंचा छापा तर त्याहून मोठा. संध्याकाळभर नाण्यांचा खणखणाट ऐकून त्यांची खात्री झाली की या खोलीत जुगार चालतो. दार धाडकन उघडलं, आणि आत दोघी शहाण्या मुली जमिनीवर, पुढ्यात नाणी. तू म्हणालीस, "बाई, अभ्यास चाललाय." त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सरांना बोलावणं गेलं. सर आले, दोन्ही कागद निरखून पाहिले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, या मुली जुगार खेळत नाहीत. जुगाराचं चित्र काढताहेत." रेक्टरबाईंना ते पटलं नाही, पण सरांचा कोट बघून त्या गप्प बसल्या.

मग मला ताप आला. मी खाटेवर पडून, आणि तू एकटी. एकटीनं उडवायचं आणि टिपायचं कसं, म्हणून तू उरलेला कोपरा मनानंच भरून टाकलास. मला सांगितलं नाहीस. सरांनी कागद हातात घेतला आणि बोट नेमकं त्या कोपऱ्यावर ठेवलं. "हा भाग नाण्यांचा नाही." तू विचारलंस, कशावरून? सर म्हणाले, नाण्यांना शिष्टाचार नसतो. ती कुठं तरी चार-पाच जणांना एकमेकांच्या मांडीवर बसवतात आणि शेजारचं अंगण ओसाड टाकतात. इथं प्रत्येक ठिपका शेजाऱ्याची अदब राखून बसला आहे. "माणसाला गोंधळसुद्धा नीटनेटकाच घालता येतो." तू म्हणालीस, "सर, नाणी चांगल्या घरातली होती." सर हसले. मी त्यांना हसताना तेव्हा एकदाच पाहिलं. कोपरा मात्र पुन्हा करायला लावला.

दोन्ही कागद त्यांनी व्हरांड्यात लावले. एकावर संख्या आहेत, एकावर नाणी, ओळखा कुठला कुठला. संख्यांचा हाच, असं म्हणून जवळजवळ सगळ्यांनी नाण्यांच्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यात कुणाला होडी दिसली, कुणाला कोंबडी, आणि तुला रेक्टरबाईंचं नाक. आपला खरा कागद बापडा सगळ्यांना सपक वाटला. त्या संध्याकाळी सर जिन्यावर थांबून जे म्हणाले ते मी पुढं जन्मभर वर्गात सांगत आले. घोळका दिसला की माणूस अर्थ काढतो, पण योगायोगात घोळके असतातच. खरी रीत घोळक्यात नसते. एखादी गोष्ट एकदा झुकली तर ते नाणं समजा. पुन्हा पुन्हा त्याच अंगाला झुकली, तर मागं सरका, डोळे बारीक करा आणि बघा.

हे वाक्य लक्षात ठेव. पुढं लागणार आहे.

तू गिरणीत नक्षी काढायला गेलीस तेव्हा मला राग आला होता. गणित सोडून फुलं कसली काढतेस, असं मी तुला सुनावलं होतं. मग तुझं ते पत्र आलं. साहेबांना विखुरलेली फुलं हवी होती, कशीही पडल्यासारखी. तू नाण्यांचा कागद समोर ठेवून प्रामाणिकपणे फुलं टाकलीस, आणि दुकानदारांनी ताग्यांवर डाग पडलेत म्हणून माल परत पाठवला. मग तू तापाच्या दिवसातली तुझी युक्ती वापरलीस, प्रत्येक फुलाला शेजाऱ्याची अदब राखायला लावलीस, आणि ते कापड हातोहात गेलं. "खरा योगायोग परत आला, खोटा खपला," असं तू लिहिलं होतंस. मी ते वर्गात वाचून दाखवलं. (एक वाक्य फक्त. नियम मोडला नाही.)

आणि नोकरीच्या शेवटी शेवटी तू हा पडदा छापून घेतलास. मूळ संख्यांचा, आपल्या कागदावरून घर न् घर उतरवलेला. पार्सल उघडल्यावर मी आधी काय केलं असेल? पट्टी घेऊन तपासायला बसले. आणि मधल्या एकापासून वर उजवीकडे पाचव्या तिरप्या घरात मला एक ठिपका जास्तीचा सापडला. एक्क्याण्णव. मी तडक फोन केला. तू शांतपणे म्हणालीस, "गिरणीत नक्षीवर सही करू देत नाहीत. ती माझी सही आहे." तेव्हापासून सकाळी पडदा सारताना माझा हात तिथं जातो. कापडावर ठिपका हाताला लागत नाही, पण जातो.

आता माझी बातमी. गेल्या वर्षी मी तुला डोळ्याचं काहीतरी, मोतीबिंदू वगैरे, असं सांगितलं होतं. मोतीबिंदू नव्हता. कुणी माझी कीव केलेली मला चालत नाही, म्हणून तसं सांगितलं. आज खरं सांगते, कारण आता ते झाकून ठेवणं परवडणारं नाही. माझ्या डाव्या डोळ्याला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. तू समोर बसलीस आणि मी उजवा डोळा मिटला, तर मला तुझे कान दिसतील, केस दिसतील, आणि तोंडाच्या जागी एक धुरकट डाग. दुखलं काहीच नाही. सुरुवातीला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला, म्हणून चष्मा बदलला. मग वाटलं चष्मेवाल्यानं काच चुकीची घातली, म्हणून त्याच्याशी भांडले. डॉक्टरीणबाईंकडे पोचले तेव्हा डाव्या डोळ्याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. पडद्याच्या, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या मधोमध आतून पाझर होतो. तो वेळेत सापडला तर इंजेक्शनं देऊन थांबवता येतो. गेलेलं मात्र परत येत नाही.

त्या बाई माझ्यापेक्षा कडक आहेत, म्हणून आमचं जमतं. त्यांनी मला एक कार्ड दिलं. काय असावं त्यावर? चौकटी! आडव्या-उभ्या रेघांचा चौकोन आणि मधोमध एक ठिपका. मी तिथं हसायलाच लागले. त्या म्हणाल्या, यात हसण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, अशाच कागदावर माझं कॉलेज झालं. रोज सकाळी एक डोळा झाकून दुसऱ्यानं ठिपक्याकडे बघायचं. रेघा सरळ आहेत तोवर ठीक. वाकल्या, तर त्याच दिवशी यायचं. मी ते कार्ड खिडकीपाशी, तुझ्या पडद्याशेजारी लावलं. आणि एका सकाळी कार्डाकडे वळायच्या आधीच पडद्यावर नजर गेली. सात, तेवीस, सत्तेचाळीस, एकोणऐंशी. डोळे मिटूनही सांगता येईल अशी ती रेघ, आणि ती ओल्या कपड्यांच्या दोरीसारखी मधेच खाली झोळली होती. कार्डावर बघितलं, तिथंही तेच. तासाभरात मी दवाखान्यात होते. इंजेक्शन डोळ्यात देतात. ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात आपल्या मेसमधल्या डाळीपेक्षा सुसह्य. उजवा डोळा राहिला. हे पत्र मी त्याच डोळ्यानं लिहिते आहे. म्हणजे तुझ्या रेघेनं तो राखला. यावर आभार वगैरे मानायला मला जमत नाही, तू समजून घे.

आता काल दुपारची गोष्ट. पडदा वाळला, तो टांगला, सुरकुती आहे का बघायला दारापर्यंत मागं सरकले आणि सवयीनं तुझ्यासारखे डोळे बारीक केले. आणि मला तुझे फोन आठवले. थंडीत तू सांगितलंस, नवीन दाराची चौकट सुतारानं वाकडी बसवली. त्यानं तीनदा ओळंबा लावून दाखवला, दोरी चौकटीला चिकटून सरळ उभी, आणि तू त्याला म्हणालीस, "मग तुझा ओळंबा वाकडा आहे." मी पोट धरून हसले. वाकडा सुतार असू शकतो. नाणं समजून सोडून दिलं. मग नातवाचा चौकटीचा शर्ट शिंप्यानं असा शिवला की छातीवरच्या चौकटी लाटांसारख्या दिसतात. शिंपीही वाकडा असू शकतो. दुसरं नाणं. मग खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात समोर आली, तू तिला ओळखलं नाहीस, ती बोलली तेव्हा आवाजावरून कळलं. "तिनं तोंड घरी ठेवलं असेल," असं तू म्हणालीस. आणि परवा, चहा कपात ओतताना बशीत गेला, आणि तू किटलीच्या चोचीला दोष दिलास. चार गमती. एकेक घेतली तर एकेक माणूस वाकडा. पण दाराशी उभं राहून बघितलं तर चारही एका तिरप्या रेघेवर बसल्या आहेत, सात, तेवीस, सत्तेचाळीस, एकोणऐंशी. सरळ ते वाकडं दिसतंय आणि नेमकं मधलं हरवतंय. सुतार, शिंपी, शेजारीण आणि किटली यांनी मिळून तुझ्याविरुद्ध कट केला असेल, हे मला मान्य नाही. तू म्हणशील, दोघींना एकच दुखणं कसं होईल, आपण काय सख्ख्या बहिणी आहोत? मी म्हणते, पाच हजार वेळा नाणी तूच उडवलीस ना? दोन्ही छापा पडतात. कुणाचा अपराध म्हणून पडत नाहीत, नुसते पडतात.

म्हणून हे पत्र लिहिलं. सोबत माझ्या कार्डासारखंच एक कार्ड आहे. चष्मा लाव, डावा डोळा तळहातानं झाक आणि मधल्या ठिपक्याकडे बघ. मग उजवा झाक. एकही रेघ वाकली, एकही चौकट पुसट झाली, तर कार्ड वाकडं छापलंय असं म्हणायचं नाही. मी ते पट्टी लावून तपासलं आहे. माझ्या डॉक्टरीणबाईंची वर्गमैत्रीण तुझ्या गावात डोळ्यांचा दवाखाना चालवते. कार्ड काहीही म्हणो, गुरुवारी सकाळी अकराला तिनं तुला बोलावलं आहे, आणि रेघ वाकलेली दिसली तर गुरुवारचीही वाट न बघता त्याच दिवशी जायचं. बुधवारी संध्याकाळच्या गाडीनं मी येते. स्टेशनवर मला ओळखता आलं नाही तर हाक मारेन, आवाज तरी बदललेला नाही. आणि सूनबाई, आता हे तूच वाचत असशील, तर तुझ्या सासूबाईंनी माझा पहिल्या ओळीतला नियम मोडला, आणि चष्मा सापडत नाही म्हणून मोडलेला नाही, हे तुलाही कळलं असेल. मग बाळ, पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. त्यांच्या चपला काढून ठेव आणि आजच्या आज त्यांना घेऊन नीघ, मी नंतर त्यांना तुझ्या वाटणीचंही बोलून घेईन. तिरकस, मी जन्मभर मुलांना सांगत आले की माझा भागाकार चुकत नाही. या एका वेळी तो चुकावा असं मला फार फार वाटतं. चारही गमती नुसती नाणी असाव्यात, सुतार खरंच गाढव असावा, आणि माझं हे सगळं अनुमान तोंडावरून मूळ वाटणारं एक्क्याण्णव निघावं. मग तू मला हवं तेवढं हस, आणि आपण दोघी मिळून तो ठिपका ब्लेडनं खरवडून टाकू. पण तोंडावरून ठरवायचं नाही. भागून बघायचं.

दाराशी उभी, डोळे बारीक करून तुझ्याकडे बघणारी,
तुझीच
पट्टी